माहितीयुद्धावरच्या संशोधनाला पैसा द्यायचा, तर नक्की कशाला?

ओसरीवरून

ऑपरेशन सिंदूरनंतर, मे २०२५च्या अखेरीस, तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान सिंगापूरला शांग्री-ला डायलॉग या सुरक्षा परिषदेत बोलले. विमानांबद्दल ते काय म्हणाले यावर आपल्याकडे भरपूर काथ्याकूट झाला. पण त्याच मुक्कामात त्यांनी सांगितलेल्या एका आकड्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. कारवाईच्या काळात सैन्याचा सुमारे १५ टक्के वेळ खोट्या कथनांना तोंड देण्यात गेला, असं ते म्हणाले. माहितीयुद्धासाठी वेगळी शाखा असावी, असंही म्हणाले.

तेव्हापासून ‘या विषयात नावीन्यपूर्ण संशोधनाला प्रोत्साहन हवं’ हे वाक्य प्रत्येक परिसंवादात ऐकू येतं. नावीन्यपूर्ण म्हणजे काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: एआयने फेक न्यूज पकडणारं सॉफ्टवेअर. मग हॅकेथॉन (म्हणजे झटपट सॉफ्टवेअर बनवायची स्पर्धा), चषक, मंत्र्यांसोबत फोटो. पुढच्या वर्षी तेच सॉफ्टवेअर नव्या नावाने.

माझा मुद्दा असा, की आपलं घोडं खोटं पकडण्यापाशी अडलेलं नाही. त्या मे महिन्यात व्हिडिओ गेममधली दृश्यं हल्ल्याची म्हणून फिरली. कराची बंदर बेचिराख झाल्याचं आपल्याच वाहिन्यांनी सांगून टाकलं. हे खोटं आहे हे कळायला काही तास पुरले. त्यानंतर काय झालं? ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत खुलासा पोचला? पोचला त्यांनी तो मानला का? मराठीतून आला असता तर फरक पडला असता का? घरच्या माणसाने सांगण्यात आणि पीआयबीने, म्हणजे सरकारी प्रसिद्धी कार्यालयाने, सांगण्यात काही अंतर आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचं मराठी माणसावर तपासलेलं उत्तर माझ्या वाचनात नाही.

हे प्रश्न तपासता येतात, हे बिहारने दाखवलंय. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी तिथे एक प्रयोग केला. १,२२४ लोक. त्यांच्या घरी जाऊन तासभर शिकवणी: फोटोवरून त्याचं मूळ कसं शोधायचं, बातमी कशी पडताळायची. दोनेक आठवड्यांनी पुन्हा जाऊन तपासलं. सरासरी परिणाम जवळजवळ काहीच नाही. उलट सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांमध्ये, आपल्या पक्षाला सोयीचं खोटं ओळखण्याची क्षमता शिकवणीनंतर कमीच झालेली दिसली. हा निष्कर्ष २०२१ साली ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये छापून आला.

आपल्या एखाद्या विद्यापीठात असा निकाल लागला असता तर? मार्गदर्शक म्हणाले असते, विषय बदल.

आता पुढचं ऐका. त्याच बद्रीनाथन आणखी काही संशोधकांसोबत पुन्हा बिहारमध्ये गेल्या. या वेळी ५८३ गावं आणि आठवी ते बारावीची सुमारे १३,५०० मुलं. एका तासाऐवजी १४ आठवड्यांत विभागलेले वर्ग, गावातल्या ग्रंथालयांत, राज्य सरकारच्या यंत्रणेला सोबत घेऊन. तुलनेच्या गटातल्या मुलांना तेवढ्याच वेळात इंग्रजी शिकवलं. या वेळी फरक पडला, चांगलाच पडला. चार महिन्यांनी पाहिलं तेव्हाही तो टिकून होता आणि पालकांपर्यंतही थोडा झिरपला होता.

तासाभराची घरगुती शिकवणी चालत नाही हे आधी छापलं गेलं, म्हणून पुढच्या प्रयोगाची मांडणी अशी करावी लागली, असं मला वाटतं. प्रोत्साहन द्यायचं तर या असल्या कामाला द्या. उत्तर ‘नाही’ आलं तरी पुढचा हप्ता बंद होणार नाही, एवढी हमी द्या. ॲप बनवणाऱ्यांना पैसे द्यायला बाकीचे आहेतच.

मतं येऊ द्या. कोणता पक्ष जास्त खोटं बोलतो याचे प्रतिसाद कृपया इथे नकोत, त्यासाठी राजकारण विभागात चार धागे धो धो वाहताहेत.

---

चकलीचा घाणा

वाचनखूण साठवली. त्या वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२४च्या अहवालात चुकीच्या माहितीच्या धोक्यात भारत पहिला होता ना? तो संदर्भ घालायला हवा होता.

---

ओसरीवरून

@चकलीचा घाणा, मुद्दाम टाळला. ती मतांची पाहणी आहे. तुमच्या देशाला कशाचा धोका वाटतो, असं जाणकारांना विचारून काढलेला क्रम. प्रत्यक्षात किती खोटं फिरतं याचं ते मोजमाप नव्हे. प्रत्येक भाषणात तोच तक्ता दाखवतात, हाही आपल्याकडे खरी मोजणी नसल्याचा पुरावाच म्हणायचा.

---

निवृत्त सिग्नल

लेख चांगला आहे, पण थोडा असहमत.

मी आयुष्य फौजेत काढलं. शत्रू १४ आठवड्यांचे वर्ग संपायची वाट बघत नाही. पाकिस्तानी सैन्याची प्रसिद्धी शाखा आयएसपीआर १९४९पासून आहे आणि तिन्ही दलांच्या वतीने एका तोंडाने बोलते. आपल्याकडे लष्कर वेगळं, परराष्ट्र मंत्रालय वेगळं, पीआयबी वेगळं, आणि टीव्हीवाले सगळ्यांच्या पुढे.

एक जुनं प्रकरण सांगतो, कारण त्याची सुरुवात आपल्या दिल्लीत झाली. १७ जुलै १९८३ला ‘पेट्रियट’ नावाच्या सोव्हिएतधार्जिण्या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा म्हणे नामवंत अमेरिकन शास्त्रज्ञ. मजकूर असा, की एड्सचा विषाणू अमेरिकेने फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत बनवला आणि आता तसेच प्रयोग पाकिस्तानात होणार आहेत. हे सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीचं काम. पत्राने फार धुरळा उडाला नाही. १९८५मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गझेता’ने ते उकरून काढलं आणि आधार म्हणून पुढे केलं भारतातल्या या दैनिकाला. पुढे पूर्व जर्मनीतल्या याकोब झेगाल या जीवशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय मुलामा दिला. १९८७पर्यंत ही कथा ८० देशांत आणि ३० भाषांत पोचली होती. १९९२मध्ये रशियाच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी हात असल्याचं मान्य केलं, तोवर जगभर लोकांच्या डोक्यात ती पक्की बसली होती.

१९८३ ते १९८५ या दोन वर्षांत ते पत्र निपचित पडून होतं. तेव्हा कुणी नोंद घेतली असती तर? आज असं बियाणं कुठल्या तरी अनोळखी पोर्टलवर, यूट्यूब चॅनलवर पेरलं जात असणार. मराठीतही. ते शोधण्यावर संशोधन हवं. जनतेला शिकवणं हे शिक्षण खात्याचं काम.

---

प्रबंध अपूर्ण

निवृत्त सिग्नल काका, तुमचं उदाहरण मला उलट्या बाजूने पटतं. तुम्ही जी माग काढायची पद्धत सांगताय तिला माहिती लागते, आणि ती मिळण्याचे दरवाजे एकेक करून बंद होताहेत. मी याच विषयात पीएचडी करतेय म्हणून पोटतिडकीने लिहितेय, लांबलं तर माफ करा.

फेसबुकवरच्या सार्वजनिक पोस्टचा माग काढायला क्राउडटँगल नावाचं साधन होतं. मेटाने ते १४ ऑगस्ट २०२४ला बंद केलं. ट्विटरवरचा डेटा संशोधकांना मोफत मिळायची सोय २०२३मध्ये गेली, आणि आता जे दर आहेत त्यात आमच्या विभागाचं वर्षाचं बजेट जाईल. युरोपात डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टचं ४०वं कलम आहे. त्याखाली, छाननी झालेल्या संशोधकांना मोठ्या कंपन्यांनी डेटा द्यावाच लागतो. आपल्याकडे तसं काही नाही. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती हातात आलेला डेटा वापरण्यापुरती. कंपनीच्या कपाटातून तो बाहेर काढायला त्या सवलतीचा उपयोग नाही.

आणि भारतातलं खरं रणांगण आहे व्हॉट्सॲप. तिथे काय चाललंय हे कंपनीलाही आतून दिसत नाही. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी २०१९च्या निवडणुकीच्या आसपास सार्वजनिक लिंक असलेल्या ५,०००हून जास्त राजकीय गटांमधला मजकूर गोळा केला. त्यात फिरणाऱ्या प्रतिमांपैकी साधारण १३ टक्के खोट्या माहितीच्या निघाल्या. काम मोलाचं आहे, पण ते कार्यकर्त्यांचे उघडे गट. ‘कुलकर्णी परिवार’ किंवा ‘सोसायटी पाणी समस्या’ गटात काय फिरतं ते त्यातून कळत नाही. तिथे शिरायला लोकांनी स्वतःहून, संमतीने फॉरवर्ड दान करायची पद्धत बसवावी लागेल. नाव-नंबर फोनमधून बाहेर पडायच्या आधीच पुसले जातील अशी सोय हवी. माझ्या मते खरं नावीन्य इथे आहे, आणि त्याला अनुदान मागायला गेलं की समितीत पहिला प्रश्न येतो, ‘यात प्रॉडक्ट काय?’

---

कोडकरी

धागाकर्त्याने ॲपवाल्यांना एका वाक्यात उडवून लावलंय म्हणून लिहितो.

मराठीपुरतं तरी ‘पकडणं सोपं आहे’ हे खरं नाही. आक्षेपार्ह मजकुराचा पहिला मराठी डेटासंच २०२१मध्ये आला, त्यात जेमतेम अडीच हजार ट्वीट. २०२२मध्ये पुण्याच्या एल३क्यूब गटाने महाहेट हा द्वेषपूर्ण मजकुराचा संच काढला, २५ हजारांवर ट्वीटचा. दोन्हींत ट्विटरवरची मराठी. आता आपल्या मोबाइलमधला फॉरवर्ड बघा: फोटोवर चिकटवलेला मजकूर, निम्मा रोमन लिपीत, मध्येच अहिराणी किंवा मालवणी. वर दोन मिनिटांची व्हॉइस नोट, मागे ट्रॅक्टरचा आवाज. यावर चालणारं तंत्र कुणाकडे आहे? इंग्रजीत सुटलेला प्रश्न मराठीत आपोआप सुटत नाही. हे मूलभूत काम आहे, हॅकेथॉनच्या दोन रात्रींत होत नाही. चांगला डेटासंच बनवणाऱ्याला मात्र चषक मिळत नाही, तो वापरून डेमो दाखवणाऱ्याला मिळतो.

दुसरं, ताईंनी बंद गटांचं म्हटलं. टिपलाइन हा मार्ग तपासलेला आहे. लोक संशयास्पद मजकूर एका नंबरवर पाठवतात. २०१९च्या निवडणुकीतल्या अशा टिपलाइनचा अभ्यास झाला. सार्वजनिक गटांत १००पेक्षा जास्त वेळा फिरलेल्या प्रतिमांपैकी ६७ टक्के टिपलाइनवरही आलेल्या होत्या. कुणाच्या गटात न शिरता. तैवानमध्ये तर कोफॅक्ट्स नावाचा बॉट आहे, लाइन या ॲपवर, स्वयंसेवकांनी चालवलेला, त्याचा सगळा डेटा खुला.

---

प्रबंध अपूर्ण

@कोडकरी, प्रतिमांचे ६७ टक्के, पण मजकुराच्या संदेशांचे २३च. तेही सांगा की! फोटो शंकास्पद वाटला तर माणूस विचारतो, लिहिलेलं वाचून पुढे ढकलतो, असं असू शकेल. हाही कुणीतरी तपासावा असा प्रश्न.

बाकी डेटासंचाबद्दल +१००.

---

चष्मा

एक भाबडा प्रश्न. खोटं म्हणजे काय ते ठरवणार कोण? सरकारने २०२३मध्ये आयटी नियमांत बदल करून स्वतःच्या कारभाराबद्दलच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे ठरवणारा स्वतःचाच कक्ष काढायचं योजलं होतं. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं एकमेकांच्या विरुद्ध गेली. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी तो नियम घटनाबाह्य म्हटला.

निवृत्त सिग्नल यांनी परकीय बियाणं म्हटलं. खोट्या माहितीचा माग काढणाऱ्या ईयू डिसइन्फोलॅब या युरोपीय संस्थेचा डिसेंबर २०२०चा अहवाल वाचलाय का? ७५०हून जास्त बनावट प्रसारमाध्यमं, शंभरहून जास्त देशांत, १५ वर्षं, आणि सगळा रोख पाकिस्तानला बदनाम करून भारताचं हित साधण्यावर. २००६ साली वारलेले एक नामवंत प्राध्यापक २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या सत्राला हजर असल्याची नोंद त्यात सापडली! सरकारने संबंध नाकारला, तो भाग वेगळा. पण असा अभ्यास भारतातल्या संशोधकाने संरक्षण खात्याच्या पैशातून केला असता का? केला तर छापता आला असता का?

---

निवृत्त सिग्नल

चष्मा, प्रश्न रास्त आहे. उत्तर: नाही. आणि माझ्या मते तसा करूही नये, फौजेच्या पैशातून फौजेला लागणारंच काम व्हावं. ते दुसऱ्या कुणाच्या पैशातून व्हावं, याला माझी हरकत नाही.

---

साक्रीकर

इथे बराच वेळ नुसता वाचत होतो. मी धुळे जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. साक्री तालुका म्हटल्यावर काहींच्या लक्षात आलं असेल.

१ जुलै २०१८, राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत तर कराचीच्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी मूल परत आणून देतात आणि पाटी दिसते, तेवढा भाग कापलेला.

त्यानंतर व्हॉट्सॲपने फॉरवर्ड पाच जणांपुरतं मर्यादित केलं आणि संशोधकांना प्रत्येकी ५० हजार डॉलरची २० अनुदानं दिली. त्यातल्या एका अनुदानातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत फिरून अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, लोक अडाणी म्हणून फसतात हे खरं नाही. ज्यांच्याबद्दल आधीच मनात अढी असते त्यांच्याबद्दलचं खोटं लवकर पटतं, आणि ते पुढे पाठवणारे बरेचदा चांगले शिकलेले असतात. मला हे तंतोतंत पटलं. डवरी गोसाव्यांना मारलं ते व्हिडिओने मारलं, असं म्हणून आम्ही सगळे सुटतो. भटक्या माणसाकडे गाव कसं बघतं हे व्हॉट्सॲपच्या आधीपासूनचं आहे.

आता माझा प्रश्न. त्याच रात्री मालेगावात, आमच्यापासून फार लांब नाही, तशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना घेरलं होतं. त्यांत लहान मूलही होतं. तिथे स्थानिक माणसांनी त्यांना घरात घेतलं, पोलिस पोचले आणि पाचही जण वाचले. अफवा तीच, दिवस तोच, मोबाइल तेच. मग एका ठिकाणी माणसं वाचली आणि एका ठिकाणी नाही, हे कशामुळे? पोलिस ठाण्याचं अंतर? शहर आणि पाडा? दारात उभा राहणारा कोण आहे, त्याचं गावात वजन किती? सात वर्षं उलटून गेली, आमच्याकडे नेते, पत्रकार, एनजीओ सगळे येऊन गेले. पण दोन्ही ठिकाणी बसून, लोकांशी बोलून, हा फरक शोधणारं कुणी मी तरी पाहिलं नाही. याला ना सर्व्हर लागतो ना एआय. एसटीचा पास आणि दोन वर्षांचा पगार लागतो.

---

चकलीचा घाणा

साक्रीकर सर, _/\_

---

कोडकरी

सर, निरुत्तर. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण रांगेत तुमचा पुढे.

---

मिशिगनमधून

अमेरिकेतली स्थिती सांगतो, म्हणजे ‘तिकडे बघा कसं करतात’ हा सूर इथे लागणार नाही. एप्रिल २०२५मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने चुकीच्या माहितीवरची अनुदानं मधेच रद्द केली, चालू असलेली सुद्धा. त्याआधी २०२४मध्ये स्टॅनफर्डची इंटरनेट ऑब्झर्व्हेटरी खटले आणि काँग्रेसच्या समित्यांच्या दबावाखाली जवळजवळ गुंडाळली गेली. एकाच खिशावर अवलंबून असलेलं संशोधन सरकार बदललं की जातं. भारतात जे काही उभं कराल त्याला दोन-तीन वेगवेगळे खिसे असू द्या, आणि त्यातला एक तरी सरकारबाहेरचा हवा, एक तरी कंपन्यांबाहेरचा हवा.

---

ओसरीवरून

सगळ्यांचे आभार. धागा भरकटला नाही याचंच आश्चर्य वाटतंय.

पैशाबद्दल थोडं. संरक्षण खात्याची आयडेक्स योजना २०१८पासून आहे. तिच्या मूळ प्रकारात स्टार्टअपना दीड कोटीपर्यंत मिळतात, पण ते वस्तू बनवण्यासाठी. मालेगाव आणि राईनपाड्याची तुलना त्यात बसणार नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या २०२३च्या कायद्याच्या वेळी पाच वर्षांत ५० हजार कोटी असा आकडा सांगितला गेला, त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा. त्यात समाजशास्त्रांना जागा आहे, मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाशी सांधा जुळतो तेवढीच. या विषयात तो सांधा ठळक आहे, तेव्हा अर्ज करून बघायला हरकत नाही.

कोडकरी यांचं डेटासंचाबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्यात बोलीभाषांचा आणि व्हॉइस नोटचा वाटा आधीच ठरवून घ्या, नाहीतर पुन्हा पुणेरी ट्विटरच मोजलं जाईल. निवृत्त सिग्नल यांच्या ‘बियाणं शोधण्या’ला मात्र मी अजून बिचकतो. चष्मा यांच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे यादी कोण बनवणार आणि ती कुणाला दाखवणार, हे लिहून ठेवल्याशिवाय त्याला एक रुपया देऊ नये असं माझं मत.

आणि साक्रीकर सर, तुमच्या शाळेसारख्या दहा-बारा शाळांत बिहारच्या धर्तीवर, पण मराठी आणि अहिराणीतून वर्ग घ्यायचे ठरवले, निम्म्या शाळांत आधी आणि निम्म्यांत नंतर, तर मुख्याध्यापक वेळ देतील का? काय तपासणार आणि कसं, हे आधीच जाहीर करू. निकाल शून्य आला तरी मराठीत छापू. ‘प्रबंध अपूर्ण’ तुम्ही मांडणी बघाल का?

---

प्रबंध अपूर्ण

बघते. दहा-बारा शाळा कमी पडतील. एका शाळेतली मुलं एकमेकांशी बोलतात, त्यामुळे शाळा हाच एकक धरावा लागतो. निदान ४० तरी हव्यात. आणि संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी, मुलं अल्पवयीन आहेत. पालकांचं संमतीपत्र अहिराणीतही लागेल.

---

साक्रीकर

४० मिळतील, आश्रमशाळा धरल्या तर. पण दिवाळीनंतर विषय काढू नका, दहावीच्या सरावापुढे कुणी ऐकणार नाही. जूनच्या मध्यात या. आणि इंग्रजीचे वर्ग तुलनेच्या गटाला देणार असाल तर सांभाळून, सगळे पालक आपलं मूल त्याच गटात टाका म्हणतील.